निवडून आलेली बिशप

3 ऑक्टोबर 2025 रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूच्या पदासाठी, सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. या पदावर येणाऱ्या त्या 106व्या, आणि स्त्री म्हणून पहिल्या. त्याच दिवशी इंग्लंडच्या चर्चपासून जगभर पसरलेल्या अँग्लिकन परंपरेतल्या गाफकॉन या परंपरानिष्ठ गटाचे अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी जाहीर खेद व्यक्त केला, आणि वाद पुन्हा पेटला. एका बाजूनं म्हटलं, चर्चनं अखेर काळाची पावलं ओळखली. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, चर्च काळापुढे वाकलं. एवढ्या तावातावानं भांडणाऱ्या या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र गुपचूप एकमत आहे: स्त्री-बिशप ही बाहेरच्या जगातून चर्चमध्ये आलेली गोष्ट आहे. एक बाजू त्याबद्दल आभार मानते, दुसरी दोष देते, इतकाच फरक.

माझ्या मते हे गृहीतकच चुकीचं आहे. अँग्लिकन परंपरेतली पहिली स्त्री-बिशप चर्चच्याच नियमांतून, चर्चच्याच सभासदांच्या मतपत्रिकांतून आली. तिला कुणी उदार होऊन संधी दिली नाही, आणि सरकारनं किंवा न्यायालयानं ती चर्चवर लादलीही नाही. तिचं नाव बार्बरा हॅरिस. तिच्या आयुष्याचा तपशील नीट पाहिला तर आज उगाळले जाणारे जवळजवळ सगळे आक्षेप 1989 सालीच मांडले गेले होते असं दिसतं, आणि त्यांतले कोणते टिकले, कोणते नाही, हेही कळतं. मुख्य म्हणजे, ‘पहिली’ या बिरुदामागे झाकला जाणारा खरा प्रश्न समोर येतो: पदाबरोबर अधिकार किती मिळाला?

आधी ‘पहिली’ म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट करू. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी 1980 साली मार्जरी मॅथ्यूज यांना आणि 1984 साली लिओन्टाइन केली यांना बिशप निवडलं होतं. पण मेथडिस्टांची बिशपपदाची कल्पना वेगळी. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत आलेली अखंड साखळी आपल्याकडे आहे, असा दावा रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चप्रमाणे अँग्लिकनही करतात. 325 सालच्या निकेयाच्या परिषदेनं नव्या बिशपला दीक्षा देताना किमान तीन बिशप हजर हवेत असा नियम घातला. तो अँग्लिकन अजून पाळतात. या साखळीत पहिली स्त्री आली ती 11 फेब्रुवारी 1989 रोजी, बॉस्टनमध्ये.

हॅरिस यांचा जन्म 12 जून 1930चा, फिलाडेल्फियातला. कृष्णवर्णीय कुटुंब, जर्मनटाउन वस्तीतली सेंट बार्नबस ही घरची मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च. मुलींच्या नामांकित सरकारी शाळेतून 1948 साली बाहेर पडल्यावर त्यांनी जाहिरात आणि पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा केला. मग कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या एका जनसंपर्क कंपनीत नोकरी धरली आणि तिथे अध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. 1968 साली सन ऑइल या मोठ्या तेल कंपनीत गेल्या आणि तिथल्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख झाल्या. दरम्यान सुट्ट्यांत मिसिसिपीत जाऊन कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी करणं चाललं होतं. 1965च्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात त्या चालल्या. विरोधक पुढे त्यांना ‘राजकीय’ म्हणून हिणवणार होते, ते यामुळेच. पण मतदारनोंदणी म्हणजे काय काम असतं? दारोदार जायचं, अर्ज भरायला शिकवायचं, भीती घालवायची, नियम पाठ करायचे, आणि नकार आला की पुन्हा उद्या तेच दार ठोठवायचं. पंधरा वर्षांनी पाळक झालेल्या बाईला याहून चांगलं प्रशिक्षण पाळक घडवणाऱ्या कोणत्या सेमिनरीत मिळालं असतं?

आता वादातल्या पहिल्या मोठ्या मुद्द्याकडे येऊ. तो विरोधकांच्या बाजूनं खरोखर भक्कम आहे. 29 जुलै 1974 रोजी उत्तर फिलाडेल्फियातल्या चर्च ऑफ द अॅडव्होकेटमध्ये अकरा स्त्री-डीकनना (डीकन म्हणजे पाळकपदाच्या आधीची पायरी) पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. दीक्षा देणारे बिशप डॅनियल कॉरिगन, रॉबर्ट डेविट आणि एडवर्ड वेल्स हे तिघेही पदावरून उतरलेले होते. संबंधित धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपाच्या देखरेखीखालच्या विभागांची, परवानगी नव्हती. पॉल वॉशिंग्टन हे त्या चर्चचे पाळक, हॅरिस तिथल्या सभासद, आणि त्या दिवशीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे क्रूस घेऊन चालणारी व्यक्ती म्हणजे बार्बरा हॅरिस. ऑगस्टच्या मध्यात अमेरिकेतल्या अँग्लिकन बिशपांची तातडीची बैठक भरली आणि या दीक्षा वैध नाहीत असा ठराव झाला. जी बाई पुढे शिस्तीची रखवालदार होणार, तिनं शिस्त मोडणाऱ्या मिरवणुकीचं नेतृत्व केलं होतं, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बिशप दीक्षेच्या वेळी चर्चची शिस्त राखण्याची शपथ घेतो. मग नियम मोडून मिळवलेल्या हक्काचं काय करायचं?

याचं उत्तर एक वर्ष मागे, 1973च्या मतमोजणीत आहे. ती मतमोजणी समजून घेतल्याशिवाय 1974चा न्याय करता येत नाही. एपिस्कोपल चर्चची, म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या अमेरिकेतल्या शाखेची, महासभा दर तीन वर्षांनी भरते. तिच्या प्रतिनिधीगृहात प्रत्येक धर्मप्रांताचे चार पाळक आणि चार सामान्य सभासद असतात. महत्त्वाच्या ठरावावर ‘वर्गवार’ मतदान मागता येतं. मग चार पाळकांचं मिळून एक मत आणि चार सभासदांचं मिळून एक मत धरलं जातं. त्या चौघांत दोन विरुद्ध दोन अशी फूट पडली तर ते मत ‘विभागलेलं’ ठरतं, आणि निकालात त्याचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो. 1973 साली लुइव्हिलच्या महासभेत हेच झालं. डोकी मोजली असती तर बहुमत स्त्रियांच्या दीक्षेच्या बाजूनं होतं, पण विभागलेल्या मतांनी ठराव पडला. इतकंच आणखी लक्षात घ्यायला हवं की स्त्रियांना पाळक होता येणार नाही असं नियमपुस्तकात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. मनाई होती ती वहिवाटीची. 1976 साली मिनियापोलिसच्या महासभेनं त्याच वर्गवार पद्धतीनं, त्याच कडक मोजणीतून ठराव मंजूर केला, आणि 1 जानेवारी 1977पासून दीक्षेचा मार्ग कायद्यानं मोकळा झाला. म्हणजे 1974च्या कृत्यानं नियमाची जागा घेतली नाही, नियम बदलण्याची निकड निर्माण केली. आणि हॅरिस यांनी स्वतः काय केलं? 1974 साली त्यांनी दीक्षा घेतली नव्हती. कायदा झाल्यानंतर, रीतसर तयारी करून, 1979 साली त्या डीकन झाल्या आणि 1980 साली पाळक. त्यांच्या स्वतःच्या दीक्षेत अनियमित काहीही नाही. हे विरोधकांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि आजही सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप पात्रतेचा. तोही वरवर पाहता वजनदार. हॅरिस यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि सेमिनरीची तीन वर्षांची पदवीही नव्हती. त्यांनी व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठात काही विषय शिकून घेतले, इंग्लंडमध्ये शेफील्डच्या अर्बन थिऑलॉजी युनिटमध्ये काही काळ अभ्यास केला, धर्मप्रांताच्या परीक्षा दिल्या. शिवाय त्या घटस्फोटित होत्या, पाळकपदाचा अनुभव जेमतेम आठ वर्षांचा, आणि त्यातली चार वर्षं ‘द विटनेस’ हे मासिक काढणाऱ्या चर्चच्या प्रकाशनसंस्थेच्या कार्यकारी संचालकपदावर गेलेली. त्या मासिकात त्या सदर लिहीत. वंशवाद, दक्षिण आफ्रिकेतलं अपार्थाइड, तुरुंग, चर्चमधला ढोंगीपणा यांवरची ती भाषा मुळीच मऊ नव्हती. एवढ्या मोठ्या, जुन्या धर्मप्रांताला अशी व्यक्ती का हवी, असं विचारणं गैर नव्हतं.

पण पात्रतेची ही फूटपट्टी नेहमी सगळ्यांना लावली जात होती का? 374 साली मिलानच्या लोकांनी अँब्रोझ यांना बिशप म्हणून निवडलं तेव्हा ते त्या प्रांताचे राज्यपाल होते. सेमिनरी सोडाच, त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. बाप्तिस्मा, मधल्या पायऱ्या आणि बिशपपदाची दीक्षा हे सारं दिवसांच्या हिशेबात उरकलं गेलं. हेच अँब्रोझ पुढे पाश्चात्त्य चर्चच्या चार थोर आचार्यांपैकी एक मानले गेले. लोकांनी त्यांच्यात काय पाहिलं होतं? प्रशासन चालवलेला, भांडणं मिटवलेला, दबावाखाली न डगमगणारा माणूस. हॅरिस यांच्याकडे पाहा: एका कंपनीचं अध्यक्षपद, मोठ्या उद्योगातला विभाग चालवण्याचा अनुभव, नॉरिसटाउनच्या सेंट ऑगस्टिन ऑफ हिप्पो या छोट्या मंडळीची 1980 ते 1984 अशी चार वर्षांची जबाबदारी, फिलाडेल्फियाच्या तुरुंगांत कैद्यांची धर्मसेवा, मासिकाचा आर्थिक डोलारा. सारा मुलाली यांच्याबद्दलही हाच सूर ऐकू येतो. त्या कर्करोग विभागातल्या परिचारिका होत्या. 1999 साली इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या, नोकरी सांभाळून धर्मशिक्षण घेतलं आणि 2004 साली ते पद सोडून पूर्णवेळ चर्चच्या सेवेत आल्या. रुग्णालयांची यंत्रणा चालवलेल्या माणसाला धर्मप्रांत चालवता येईल का, हा प्रश्न पुरुषाच्या बाबतीत कुणी विचारला असता?

बरं, हॅरिस यांना निवडलं कुणी? इथे निवडणुकीची रीत सांगायला हवी, कारण सगळा वाद या रीतीला वगळून चालतो. धर्मप्रांताच्या अधिवेशनात पाळक आणि सामान्य सभासद वेगवेगळ्या पेट्यांत मत देतात. एकाच फेरीत दोन्ही वर्गांत बहुमत मिळालं तरच उमेदवार निवडून येतो. एका वर्गात पुढे आणि दुसऱ्यात मागे असेल तर पुन्हा फेरी. 24 सप्टेंबर 1988 रोजी मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनात हॅरिस आठव्या फेरीत निवडून आल्या. फेरीमागून फेरी होत असताना माणसं आपापली पहिली पसंती सोडून दुसरीकडे वळतात. आठव्या फेरीचा विजय म्हणजे लाटेवरचा विजय नव्हे. सात वेळा थांबून, पुन्हा विचार करून दिलेलं ते मत होतं.

निवडून येणंही पुरेसं नसतं. त्यानंतर देशभरातल्या सर्व धर्मप्रांतांच्या स्टँडिंग कमिट्यांपैकी निम्म्याहून अधिक कमिट्यांची लेखी संमती लागते, आणि धर्मप्रांतांचा कारभार पाहणाऱ्या बिशपांपैकी निम्म्याहून अधिकांचीही. एरवी ही संमती म्हणजे टपालाचं काम असतं. पत्र येतं, सही होते, परत जातं. हॅरिस यांच्या बाबतीत प्रत्येक सहीसाठी वाद झाला. स्टँडिंग कमिटीत निम्मे पाळक आणि निम्मे सामान्य सभासद असण्याची पद्धत असल्यामुळे हा वाद बिशपांच्या बैठकीपुरता राहिला नाही, तो गावोगावच्या चर्चच्या सभागृहांत पोहोचला. जानेवारी 1989पर्यंत दोन्ही प्रकारच्या संमती पुऱ्या झाल्या. शंभराहून अधिक धर्मप्रांतांत प्रश्न फिरून आला, आणि बहुसंख्यांनी ‘हो’ म्हटलं. याला ‘वरून लादलेलं’ म्हणायचं असेल तर खालून आलेलं कशाला म्हणणार?

दीक्षेच्या दिवशी बॉस्टनच्या हाइन्स सभागृहात सुमारे आठ हजार लोक जमले. हॅरिस यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. पोलिसांनी बुलेटप्रूफ जाकीट देऊ केलं, त्यांनी ते घातलं नाही. प्रवचन दिलं पॉल वॉशिंग्टन यांनी, ज्यांच्या चर्चमध्ये पंधरा वर्षांपूर्वी हॅरिस यांनी क्रूस हाती धरला होता. विधीत एक क्षण असा येतो की या व्यक्तीला दीक्षा देऊ नये असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पुढे येऊन बोलावं, असं विचारलं जातं. बहुतेक वेळा तिथे शांतता असते. त्या दिवशी दोघे पुढे आले आणि त्यांनी आपले आक्षेप वाचून दाखवले. अध्यक्षस्थानी असलेले बिशप एडमंड ब्राउनिंग यांनी ते ऐकून घेतले आणि विधी पुढे चालू केला. त्यानंतर साठाहून अधिक बिशपांनी हॅरिस यांच्याभोवती दाटी करून दीक्षा दिली. निकेयाच्या परिषदेनं मागितले होते तीन. आक्षेप दडपले गेले नाहीत, त्यांच्यासाठी विधीतच जागा होती आणि ती त्यांना मिळाली, हे मला या दिवसातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो घेणारे लोक स्त्रीद्वेष्टे असतातच असं नाही. तो असा: ख्रिस्तानं निवडलेले बारा प्रेषित पुरुष होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये असं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षं पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चनं हाच अर्थ धरला. मग अँग्लिकनांसारख्या एका तुकड्याला संपूर्ण चर्चची वहिवाट एकट्यानं बदलण्याचा हक्क काय? रोमशी आणि ऑर्थोडॉक्स चर्चशी ऐक्याची बोलणी चालू असताना त्यांच्या वाटेत हा धोंडा का टाकायचा? हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याची किंमतही खरी आहे: बोलणी पुढे चालू राहिली, पण दीक्षांना परस्पर मान्यता मिळण्याची शक्यता फार मागे पडली.

तरीही दोन गोष्टी विचारायला हव्यात. बायबलचाच दाखला हवा असेल तर रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बाजूला का ठेवायचा? तिथे पौल किंख्रियाच्या मंडळीची सेवा करणाऱ्या फिबी या स्त्रीची शिफारस करतो, आणि त्यासाठी वापरलेला मूळ शब्द तोच आहे ज्यावरून डीकन हे पद आलं. तिथेच तो प्रेषितांमध्ये नावाजलेल्या युनिया या स्त्रीचा उल्लेख करतो. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांपर्यंत पहिल्यांदा पोहोचवली ती मग्दालीया मरीयेनं. एका पत्रातली ओळ सर्वकाळासाठी आणि दुसऱ्या पत्रातली प्रसंगापुरती, हे ठरवायचं कुणी? दुसरी गोष्ट एकट्यानं निर्णय घेण्याच्या हक्काची. इंग्लंडचं चर्च सोळाव्या शतकात रोमपासून वेगळं झालं ते कुणाला विचारून? 1549 साली पाळकांना लग्नाची मुभा मिळाली, उपासना लोकांच्या भाषेत झाली, ती जगातल्या चर्चच्या एकमतानं नव्हे. आणि रोमच्या मान्यतेचं म्हणाल तर 1896 सालीच पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे शून्यवत ठरवल्या होत्या. तेव्हा अँग्लिकन चर्चमध्ये एकही स्त्री पाळक नव्हती. जी मान्यता पुरुषांच्या दीक्षांनाही मिळाली नाही, ती गमावण्याचं भय स्त्रियांच्या दीक्षेपुढे ठेवणं हा न्याय नव्हे.

यातूनच चौथा आक्षेप निघतो: बिशप ऐक्याचं प्रतीक असतो, आणि जिला असंख्य लोक बिशपच मानत नाहीत ती प्रतीक कशी होणार? याची झळ अमेरिकेला बसली. जून 1989मध्ये फोर्ट वर्थ इथे विरोधकांनी एपिस्कोपल सिनोड ऑफ अमेरिका नावाची वेगळी संघटना उभी केली. हॅरिस यांना इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप म्हणून काम करण्याची मोकळीक नव्हती, आणि त्यांनी दीक्षा दिलेल्या पुरुष पाळकांचीही तिथे अडचण होत होती.

पण फूट टाळण्यासाठी थांबायचं म्हटलं तर थांबणाऱ्यांचं काय झालं, तेही पाहायला हवं. इंग्लंड थांबलं. तिथे 11 नोव्हेंबर 1992 रोजी स्त्रियांना पाळकपद देण्याचा ठराव झाला, पण बिशपपद वगळून. विरोधकांसाठी खास फिरते बिशप नेमले गेले, सोडून जाणाऱ्यांसाठी नुकसानभरपाई ठेवली, आणि तरी चारशेहून अधिक पाळक बाहेर पडले. मग वीस वर्षं बिशपपदावर वाटाघाटी. 20 नोव्हेंबर 2012 रोजी मतदान झालं. नियम असा की बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशा तिन्ही गृहांत प्रत्येकी दोन तृतीयांश मतं हवीत. बिशपांत 44 विरुद्ध 3, पाळकांत 148 विरुद्ध 45, आणि सभासदांत 132 विरुद्ध 74. तिसऱ्या गृहात सहा मतं कमी पडली. एकूण 446 मतांपैकी 324 बाजूनं, म्हणजे जवळपास 73 टक्के, आणि ठराव पडला. पुढे काय झालं? ऐक्य वाढलं? संसदेत संतापाची लाट उसळली, मंडळ्यांमध्ये कडवटपणा वाढला, आणि वीस महिन्यांत, 14 जुलै 2014 रोजी, तोच प्रश्न पुन्हा मताला घ्यावा लागला. तो मोठ्या फरकानं मंजूर झाला. 26 जानेवारी 2015 रोजी यॉर्कमध्ये लिबी लेन इंग्लंडच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या, तेव्हाही एक जण उभा राहून आक्षेप घेत होताच. थांबण्यानं विरोध मावळत नाही. त्याची किंमत फक्त दुसऱ्यांच्या आयुष्यातून वसूल होते.

आज सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा मात्र वेगळाच: हे सगळं श्रीमंत पश्चिमेचं खूळ असून आशिया-आफ्रिकेच्या चर्चवर लादलं जात आहे. वसाहतवादाचा इतिहास पाहता ही शंका कुणालाही यावी. आफ्रिकेतले अनेक मोठे प्रांत स्त्री-बिशपांच्या विरोधात आहेत हेही खरं. पण हॅरिस यांच्या दीक्षेच्या दिवशी प्रभुभोजनाच्या मेजाशी उभ्या असलेल्या एका वृद्ध चिनी बाईंकडे पाहिलं की हा युक्तिवाद डळमळतो. फ्लॉरेन्स ली टिम-ओई, जन्म 1907, हाँगकाँग. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्यामुळे पुरुष पाळक मकावला पोहोचू शकत नव्हते, आणि निर्वासितांनी भरलेल्या त्या शहरात मंडळी सांभाळणाऱ्या त्या एकट्या डीकन होत्या. 25 जानेवारी 1944 रोजी बिशप रोनल्ड हॉल यांनी त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली, कारण प्रभुभोजन देणारं दुसरं कुणी नव्हतं. युद्ध संपल्यावर आक्षेप आला कुठून? कँटरबरीहून. ली टिम-ओई यांनी 1946 साली पाळक म्हणून काम करणं थांबवलं, पण दीक्षा सोडली नाही. म्हणजे पूर्वेनं पाऊल टाकलं होतं आणि पश्चिमेनं ते मागे घ्यायला लावलं होतं. ‘लादणं’ म्हणायचंच असेल तर त्या वेळी कोण कुणावर काय लादत होतं?

मराठी वाचकाला यापेक्षा जवळचा दाखला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण इंग्रज विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा प्रस्ताव निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. स्त्रीनं पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचा मान राहणार नाही, असं कारण पुढे केलं गेलं. रमाबाईंनी 1885 साली दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. आपल्या आईनं तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांनी हरकत घेतली नाही, आपण शिकवण्याला आपल्या पतीनं घेतली नाही, आणि इंग्रज लोक ती घेतात याचं आश्चर्य वाटतं, असा त्याचा आशय. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटल्यावर दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, हेही त्यांनी त्याच पत्रव्यवहारात बजावलं. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला होता. त्यांच्या मुलीला पुरुषांपुढे शिकवायला बंदी घालणारे लोक ‘भारतीय संस्कृती’चा हवाला देत होते, आणि ते होते इंग्रज बिशप. संस्कृतीच्या नावानं बोलणाऱ्याला आधी विचारावं: कोणाच्या संस्कृतीच्या?

नंतरच्या तारखाही हेच सांगतात. ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’च्या, आंध्र प्रदेशातल्या नंद्याल धर्मप्रांतात एग्गोनी पुष्पललिता 2013 साली बिशप झाल्या, लिबी लेन यांच्या सव्वा वर्ष आधी. आफ्रिकेत स्वाझीलँडच्या एलिना वामुकोया नोव्हेंबर 2012मध्ये बिशप झाल्या, म्हणजे इंग्लंडचा ठराव पडला त्याच महिन्यात. रायलसीमेतल्या मंडळ्यांनी यॉर्कच्या आधी ही गोष्ट स्वीकारली असेल, तर नंद्यालवर हे खूळ नेमकं कुठून लादलं गेलं?

एवढं मान्य केल्यावर समर्थकांच्या बाजूची उणीव दिसू लागते. माझ्या मते ती अधिक दुर्लक्षित आहे. हॅरिस सफ्रगन बिशप होत्या. सफ्रगन म्हणजे धर्मप्रांताच्या मुख्य बिशपाच्या हाताखालचा बिशप. तो मंडळ्यांना भेटी देतो, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्कं करण्याचा विधी) आणि दीक्षा देतो, मुख्य बिशप सोपवतील ती कामं पाहतो. पण धर्मप्रांताचा कारभार, पाळकांवरील शिस्तीची अंतिम कारवाई, धोरण, हे मुख्य बिशपाच्या हाती. मुख्य जागा रिकामी झाली तरी सफ्रगनला ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी नव्यानं निवडणूक होते. हॅरिस तेरा वर्षं, 2002पर्यंत, या पदावर राहिल्या. मधल्या काळात, 1995 साली, मुख्य बिशप बदलले. हॅरिस सफ्रगनच राहिल्या. त्यांचं काम लहान नव्हतं. तुरुंगांना भेटी देणं, शहरी वस्त्यांतल्या मंडळ्यांची बाजू लावून धरणं, बिशपांच्या सभेत वंशाच्या प्रश्नावर ठामपणे बोलणं त्यांनी सोडलं नाही, आणि निवृत्तीनंतरही वॉशिंग्टनच्या धर्मप्रांतात 2007पर्यंत सहायक बिशप म्हणून काम केलं. पण ज्या पदावर निर्णयाची अंतिम सही असते ते पद त्यांच्याकडे कधीच आलं नाही. इंग्लंडमध्येही लिबी लेन यांची पहिली नेमणूक स्टॉकपोर्टला, चेस्टर धर्मप्रांतात सफ्रगन म्हणूनच झाली.

याउलट न्यूझीलंडमध्ये पेनी जेमिसन 1990 साली थेट ड्युनेडिन धर्मप्रांताच्या मुख्य बिशप झाल्या, आणि अमेरिकेत मेरी अॅडेलिया मॅक्लिऑड 1993 साली व्हरमाँटच्या. या दोघींची नावं हॅरिस यांच्याइतकी ऐकू येत नाहीत. माध्यमांना ‘पहिली’ हवी असते. कारभार हाती आलेली पहिली कोण, हे विचारायचं राहून जातं. अधिकाराचा प्रश्न असा बाजूला पडला की संस्थांचंही फावतं: छायाचित्रात एक स्त्री दिसते, अंदाजपत्रक आणि नेमणुका मात्र जिथे होत्या तिथेच राहतात. म्हणून स्त्री-बिशपाची बातमी आली की मी आधी तीन गोष्टी शोधते. ती मुख्य बिशप आहे की सफ्रगन? तिची निवड मतदानानं झाली की नेमणुकीनं? आणि तिला बिशप न मानणाऱ्या मंडळ्यांसाठी दुसरा बिशप ठेवला असेल, तर त्याच्यावर तिचा अधिकार चालतो का? इंग्लंडमध्ये आजही ज्या मंडळ्यांना स्त्रीचा अधिकार अमान्य आहे त्यांच्यासाठी वेगळ्या पुरुष बिशपांची सोय आहे. मुलाली यांच्या नेमणुकीचा आनंद मानणाऱ्यांनी या व्यवस्थेबद्दलही बोलायला हवं. ती सहजीवनाची किंमत आहे असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. मग त्यावर उघड चर्चा व्हावी.

मॅसॅच्युसेट्सचंच पाहा. हॅरिस 2002 साली निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी 2003 साली आलेल्या गेल हॅरिस याही कृष्णवर्णीय स्त्री, आणि त्याही सफ्रगन. बार्बरा हॅरिस 13 मार्च 2020 रोजी, वयाच्या 89व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या धर्मप्रांताच्या मुख्य बिशपपदावर अजून एकही स्त्री आलेली नव्हती. ते घडलं ऑक्टोबर 2024मध्ये, ज्युलिया व्हिटवर्थ यांच्या दीक्षेनं. आठव्या फेरीतल्या त्या निकालापासून छत्तीस वर्षांनी.